आतोबांचं बिनपाण्याचं झाड

परमेश्वराने हे जग घाईघाईत उरकलं आणि राहिलेली दुरुस्ती आमच्या आतोबांच्या गळ्यात घातली, असं खुद्द आतोबांचं ठाम मत आहे. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. भोपाळच्या मोठ्या कारखान्यात त्यांनी सारा जन्म तपासणी विभागात काढला. तिथे टर्बाइनची पाती त्यांच्या हाताखालून जात आणि केसाएवढा फरक सापडला तरी ते पातं बाजूला पडे. निवृत्त झाल्यावर पाती संपली, तपासणी काही संपली नाही. आता त्यांच्या हाताखालून आम्ही जातो. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, आतोबा पाणसळ ठेवतात. छोटीशी, बोटभर लांबीची, आत हिरवट पाणी आणि त्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध थांबला की ती जागा सपाट आहे असं समजायचं. तो मधोमध थांबेल अशी जागा भोपाळात फार नाही, त्यामुळे आतोबांना सवड अशी मिळतच नाही. माझ्या चुलतभावासाठी मुलगी पाहायला गेलो होतो, तेव्हा चहाचे कप टीपॉयवर ठेवताक्षणी आतोबांच्या कपाळाला आठी पडली. मुलगी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली ती नेमकी आतोबा टीपॉयखाली शिरलेले असताना. पुठ्ठ्याची घडी पायाखाली सारून ते धोतर झटकत उठले आणि म्हणाले, "आता बोला." मुलीच्या वडिलांनी नंतर सांगितलं, की तो टीपॉय कित्येक वर्षं डुगडुगत होता आणि त्याकडे बघायला घरात कुणालाच वेळ नव्हता. लग्न जमलं. भाऊ अजून समजतो ते त्याच्या नोकरीमुळे जमलं.

कारखान्याच्या पिपलानी वसाहतीतल्या गणेशोत्सवात तर त्यांनी आरती थांबवली होती. सगळे टाळ घेऊन उभे, निरांजन पेटलेलं, आणि हे मूर्तीकडे डोळे बारीक करून म्हणाले, "थांबा. बाप्पा उजवीकडे कलले आहेत." मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "अहो, दहा दिवसांचा तर प्रश्न आहे." आतोबा म्हणाले, "तिरपं बसून दहा दिवस काढून दाखवा." मग मखराखाली पट्टी गेली, बुडबुडा मधोमध आला, आणि मगच सुखकर्त्याला सुखाने ऐकू गेलं. खाण्यापिण्यातही त्यांची भाषा कारखान्याचीच. "पोह्यांत मीठ टॉलरन्सच्या बाहेर आहे," असं म्हणून ते दुसरी बशी मागतात. शेजाऱ्यांच्या फाटकापुढून जाताना थबकून म्हणतात, "भाईसाहब, आपका गेट आज भी तिरका है." चुकीचं वाक्य कानावर पडलं की ते दुरुस्त केल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. "सूर्य उगवला" असं कुणी म्हटलं तरी ते, पृथ्वी फिरली, एवढं सांगून मगच पुढे जातात. आत्या एकटी त्यांच्या तपासणीतून सुटलेली. तिला विचारलं तर म्हणते, "मला पास केलं ते लग्नाच्या आधी. तेव्हा यांच्याकडे पाणसळ नव्हती."

पिपलानीच्या क्वार्टरला पुढे मोठं अंगण होतं आणि ते आत्याचं राज्य. शेवंती, झेंडू, डेलिया, कुंपणावर मधुमालती, आणि हिवाळ्यात नुसत्या रंगांची दंगल. माझे वडीलही आत्याच्या मागोमाग सिन्नर सोडून याच कारखान्यात लागले, म्हणून माझं लहानपण अर्धं त्या अंगणात गेलं. दुपारी सगळी वसाहत जेवून सुस्तावलेली असायची, लांब कारखान्याचा भोंगा व्हायचा, आणि आत्या फुलांशी हळू आवाजात काहीबाही बोलत असायची. ते बोलणं ऐकता ऐकता मला पायरीवरच झोप लागायची. अजूनही डोळा लागायच्या आधी कधी कधी तेच अंगण दिसतं, आणि त्यात आत्या पाठमोरी, हातात झारी.

निवृत्तीनंतर क्वार्टर सुटलं. भोपाळातच अवधपुरीत छोटं घर झालं, पुढे चार पावलं माती. आणि त्याच सुमारास आत्याचे डोळे बिघडले. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत गेला. ती सांगते, "समोर बघितलं की मधोमध धूर. कडेकडेने सगळं दिसतं." म्हणजे ज्याच्याकडे बघावं तोच नाहीसा होतो आणि त्याच्या बाजूची खिडकी, कॅलेंडर, पडदा तेवढा शिल्लक राहतो. मला पाहायचं तर ती माझ्या कानामागच्या भिंतीकडे बघते. नवख्या माणसाला वाटतं, बाई रुसल्यात. चेहरे मात्र गेले. चेहरा ओळखायला मधलाच डोळा लागतो, कडेच्या नजरेला नाकडोळे उमगत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, आणि कडाही हळूहळू फिकट होत जातील. किती हळू, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

आतोबांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि घरी येऊन म्हणाले, "मधला भाग बंद आहे, कडा चालू आहेत. म्हणजे मशीन चालू आहे." दुसऱ्या दिवसापासून चाचणी सुरू. अंगणात दोरी बांधली आणि तिच्यावर घरातलं एकेक रंगीत कापड वाळत घालून आत्याला पडवीत बसवलं. "हे काय दिसतं?" "काही नाही." "आणि हे?" "काहीतरी हललं." "रंग सांग." शेजारच्या भाभी दोन दिवस हे बघत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी हळूच मला विचारलं, "भाईसाहब ने कपड़े रँगने का काम शुरू किया है क्या?" निष्कर्ष असा निघाला, की हिरवा, निळा, जांभळा हे रंग गेल्यात जमा, पण मोठा, लालकेशरी रंग भर उन्हात असला आणि आत्याने त्याच्या थोडं बाजूला बघितलं, तर तो तिला लख्ख दिसतो. आतोबांचा आनंद गगनात मावेना. त्यांनी लगेच गच्चीवरची पाण्याची टाकी खाली आणून तांबडीभडक रंगवली आणि आत्याला दाखवली. आत्याने ती पाहिली. मग म्हणाली, "टाकी लाल केली म्हणून बाग होत नाही हो."

तेवढं बोलून ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण जरा वेळाने ती म्हणाली, "माणसांचे चेहरे गेले ते गेले. एखादं जिवंत काहीतरी दिसू दे मला, आहे नजर तोवर." मी तिथेच होते. आतोबा उठून आत गेले आणि बराच वेळ स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करत बसले. तो नळ बिघडलेला नव्हता.

मग सुरू झाला लाल रंगाचा शोध. झेंडू लावला, महिनाभर फुलून गेला. जास्वंदाला मावा लागला. बोगनवेल बहरली, पण तिचा बहर तिच्या मर्जीने. "फुलं येतात आणि रजेवर जातात," आतोबा वैतागून म्हणाले. "मला असा रंग पाहिजे, जो रोज ड्यूटीवर हजर असेल." त्यात उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्याची बोंब. नळ एक दिवसाआड, तोही करंगळीएवढा. नाजूक झाडं मे महिन्यात माना टाकतात आणि आतोबा त्यांच्याकडे नापास पात्याकडे बघावं तसे बघतात.

अशात एका हिवाळ्याच्या शेवटी ते शहराबाहेरच्या एका नर्सरीत गेले आणि दुपारी रिक्षातून एक विस्तव घेऊन उतरले. निदान मला तरी फाटकाशी उभं राहून तसंच वाटलं. पानं नाहीत, फुलं नाहीत, नुसत्या पेन्सिलीएवढ्या जाड गुळगुळीत कांड्यांचं कंबरभर उंच झुडूप. खाली हिरवं, मध्ये पिवळं, आणि वर टोकाटोकांना केशरी, लाल, कुठे गुलाबी. नर्सरीवाला त्याला फायर स्टिक म्हणाला होता. आत्याने बोटांनी एक कांडी चाचपली आणि हात झटकन मागे घेतला. "अहो, हा तर शेर! आमच्या सिन्नरकडे बांधाला लावतात, कुंपणाला. गुरं तोंड लावत नाहीत. याचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो. आणि तुम्हाला माझ्यासाठी हेच सापडलं?" आतोबा म्हणाले, "गावचा शेर हिरवा. हा लाल आहे. आधी बघ, मग बोल." आत्याने तोंड दुसरीकडे फिरवलं, म्हणजे बघितलं. ते ऊन उतरेपर्यंत ती तशीच, मान वळवून बसून होती. नर्सरीवाल्याने आतोबांना निघताना एक सांगितलं होतं, ते त्यांनी मला शब्दशः ऐकवलं: "बाबूजी, इसको जितना भूलोगे, उतना रंग देगा. लाड़ करोगे, पानी दोगे, तो हरा पड़ जाएगा. ठंड, धूप और प्यास, बस."

आता गंमत बघा. ज्या माणसाला जन्मात कुठली गोष्ट आहे तशी ठेवणं जमलं नाही, त्याच्या वाट्याला काहीही न करण्याचं काम आलं. उन्हाळा सुरू झाला आणि सांगितल्याप्रमाणे झाडाचा रंग उतरला, पावसाळ्यात तर ते इतकं हिरवंगार झालं, की आत्या म्हणाली, "विझलं." आतोबांनी तिला शब्द दिला, थंडी पडू दे, परत पेटेल. आणि ते दुर्लक्ष करायच्या कामाला लागले. दुर्लक्ष त्यांनी इतक्या बारकाईने केलं, की त्यांना दुसरं काही सुचेना. सकाळी उठले की आधी झाडाकडे जाऊन त्याच्याकडे लक्ष नसल्याची खात्री करून घ्यायचे. मातीत काडी खुपसून ती पुरेशी कोरडी आहे ना ते बघायचे. भिंतीवर पाटी लावली, "इस पौधे को पानी देना मना है." दूधवाला ती वाचून म्हणाला, "बाबूजी, पानी की इतनी तंगी है तो मैं घर से ला दूँ?" भाभी म्हणाल्या, "पेड़-पौधे को प्यासा रखने से पाप लगता है, भाईसाहब." ऑक्टोबरात अवेळी पाऊस आला, तेव्हा आतोबा अंगणात छत्री घेऊन उभे असलेले साऱ्या गल्लीने पाहिले. छत्री झाडावर होती. आतोबा नखशिखांत भिजले होते आणि एका हाताने चष्मा पुसत होते.

दिवाळी झाली, थंडी पडू लागली. सकाळी मंडीदीपला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसच्या काचा धुक्याने पांढऱ्या होऊ लागल्या. रविवारी मी आत्याकडे जायची तेव्हा वाटेत लोकांच्या गच्च्यांवर, दुकानांपुढे हीच झाडं टोकांना तांबूस झालेली दिसायची. आमचं मात्र हिरवंच. नुसतं हिरवं नाही, चांगलं टवटवीत, बाळसेदार हिरवं. आतोबांची झोप उडाली. आत्याच्या कडाही आताशा फिकट होत चालल्या होत्या. तांबडी टाकी तिला आता दुपारच्या उन्हातच दिसे. हा हिवाळा हुकला तर पुढच्या हिवाळ्यात झाड रंगेलही, पण बघायला नजर असेल का, हे कुणी तोंडाने बोलत नव्हतं. आतोबा मातीत काडी खुपसत आणि काडी ओली निघे. "कुणीतरी पाणी घालतंय," ते म्हणाले. त्यांनी टाकीचा नळ तपासला. शेजारच्या गच्चीचा पन्हाळ तपासला. भाभींच्या वऱ्हांड्याचा उतार कुठल्या दिशेला आहे, ते पाणसळ लावून पाहिलं. दूधवाल्याची तर उलटतपासणी झाली. बिचारा गंगाजळ हातात घ्यायला तयार झाला. शेवटी एका रविवारी आतोबांनी मला खिडकीच्या पडद्याआड आपल्याबरोबर उभं केलं. "साक्षीदार पाहिजे," ते म्हणाले.

ऊन नुकतंच अंगणात आलं होतं. गल्ली शांत होती, कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. आणि स्वयंपाकघराच्या दारातून आत्या बाहेर आली. एका हातात पातेलं, दुसरा हात भिंतीवर. डोळे गेल्यापासून ती एकटी अंगणात उतरत नसे; पायरीचा तिने धसकाच घेतला होता. आता ती भिंतीवर तळहात टेकून, पायाने पायरीची कड शोधत सावकाश उतरली. झाडाभोवती विटांची कड होती, तिला अंगठा लागला तशी थांबली, वाकली, आणि पातेलं हळूहळू ओतलं. तांदळाचं धुवण. आमच्याकडे तांदूळ धुतलेलं पाणी मोरीत टाकत नाहीत, झाडाला घालतात. आत्याने पिपलानीत जन्मभर हेच केलं होतं. तिचं बोलणं पडद्याआड स्पष्ट ऐकू येत होतं. "पी रे बाबा," ती म्हणत होती. "हाडंच राहिली आहेत तुझी. आमच्याकडे वैऱ्यालासुद्धा आधी पाणी विचारतात. तो माणूस तेवढा कडक आहे, मनाने वाईट नाही."

मी आतोबांच्या कानाशी कुजबुजले, "सांगा ना तिला. तिच्यामुळेच रंग येत नाहीये." आत्या पुन्हा भिंत धरून पायरी चढली, दारात जरा दम खाल्ला आणि आत गेली. मग आतोबा म्हणाले, "ती एकटी उतरली. पाहिलंस? कुणाला हाक न मारता." आणि थोड्या वेळाने, "एवढं एकच काम राहिलंय तिच्याकडे, ते मी बंद करू?" चुकीचं वाक्य सहन न होणारा हा माणूस, पण आत्याने झाडाला घातलेल्या पाण्याबद्दल त्याने तिला अवाक्षर विचारलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बघून आतोबा म्हणाले, "तू आता इथे पाणी काढू नकोस, आधीच ओल जास्त आहे."

पुढच्या रविवारी मी आत्याला दिवसभर आमच्याकडे घेऊन आले. आईने तिच्या आवडीची वांग्याची भाजी केली होती, आत्या खुशीत होती. तिकडे आतोबांनी अंगण खोदायला घेतलं. हातात चामड्याचे मोजे, तोंडाला फडकं, डोळ्यांवर कारखान्यातला वेल्डिंगचा काळा चष्मा, कारण शेराचा चीक. भाभी कुंपणावरून म्हणाल्या, "भाईसाहब, पौधे में वेल्डिंग होती है?" आतोबांनी झुडूप मुळांसकट उचलून पाऊलभर मागे घेतलं, खाली विटांचे तुकडे, खडी आणि जाडी रेती भरून उंच बसवलं. आणि जिथे आत्याचा अंगठा टेकत असे, ती विटांची कड जागच्या जागी ठेवली. कडेच्या आत मातीच्या थराखाली एक पसरट घमेलं आणि घमेल्यातून उताराने जाणारा पाइप, थेट कुंपणाच्या भिंतीलगतच्या कढीपत्त्याच्या मुळाशी. उतार पाणसळीने तपासून घेतला. संध्याकाळी आत्याला परत आणलं, तेव्हा तिच्या पायाखाली सगळं होतं तसंच होतं. दुसऱ्या दिवसापासून ती ओतत राहिली शेराला आणि पीत राहिला कढीपत्ता.

त्या कढीपत्त्याने जी कंबर कसली म्हणता! महिन्याभरात तो भिंतीवर चढून भाभींकडे डोकावू लागला. आतोबा भल्या सकाळी जुड्या बांधून गल्लीत वाटत फिरायचे, कारण तो कापला नाही तर आत्याला वास येईल आणि संशय येईल, अशी त्यांना धास्ती. साऱ्या अवधपुरीत त्या हिवाळ्यात कढी, पोहे, डाळ, कशालाच चव कमी पडली नाही. मलाही दर रविवारी एक पिशवी मिळे. कढीपत्त्याला इकडे मीठा नीम म्हणतात; ऑफिसातल्या मैत्रिणी माझ्याकडे पाहून म्हणत, "तुम्हारे यहाँ मीठे नीम का जंगल है क्या?"

डिसेंबर सरता सरता थंडीची लाट आली. भोपाळात ती येते तेव्हा तळ्यावरून वारा सुटतो आणि माणसं मफलरमधून फक्त डोळे दाखवत फिरतात. एका पहाटे आतोबांचा फोन आला. "ये," एवढंच म्हणाले आणि ठेवला. मी स्कूटर काढली. रस्ते धुक्यात बुडालेले, दिव्यांचे खांब एकेक करून पुढे येत आणि मागे विरघळून जात, आणि आपण जागे आहोत की अजून पांघरुणातच आहोत, ते कळत नव्हतं. मी पोचले तोवर धुकं फाटायला लागलं होतं. आतोबांनी आत्याला शालीत गुंडाळून पडवीत बसवलं होतं. ऊन आधी भिंतीच्या माथ्यावर आलं, मग खाली उतरलं, आणि झुडपावर पोचलं. खालून वर पिवळं, केशरी, लाल, शेंड्यांना गुलाबी. इतकं झळझळीत, की मलाच समोर बघवेना.

"समोर बघू नकोस," आतोबा आत्याला म्हणाले. "जिन्याकडे बघ. हां. आणखी जरा." आत्याने मान वळवली. झाडाकडे नाही, गच्चीच्या जिन्याकडे. मग शालीतून हात बाहेर आला आणि हवेत त्या बाजूला उचलला गेला. "अहो," ती म्हणाली, "केवढं मोठं झालंय." आणि हसली. तसं हसताना मी तिला पिपलानी सुटल्यापासून पाहिलं नव्हतं. ती त्याचं टोक न् टोक सांगू लागली, कुठे जास्त लाल, कुठे पिवळं, आणि आतोबा प्रत्येकाला लहान मुलासारखे मान डोलवत होते. मध्येच ती थांबली, आणि जरा चोरट्या आवाजात म्हणाली, "एक सांगू? रागावू नका. मी रोज पाणी घालत होते त्याला. तुम्ही म्हणत होता पाणी नको, पाणी नको. बघा, मी घातलं म्हणून रंग आला."

मी आतोबांकडे पाहिलं. सूर्य उगवला म्हणणाऱ्याला न सोडणारा माणूस. मग ते म्हणाले, "हो. माझंच चुकलं." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते, आणि मला वाटतं, तेही.

यालाही आता दोन हिवाळे होऊन गेले. झाड दर थंडीत पेटतं. आत्याला ते अजून दिसतं, पण पूर्वीइतकं नाही. आता ते तिला उन्हात पडलेल्या रंगीत कापडासारखं एवढंच जाणवतं, आणि त्यासाठीही तिला मान बरोबर जिन्याकडे वळवावी लागते. अलीकडे मी गेले की दोघं तशीच बसलेली असतात. आत्या पडवीत उन्हात, आणि आतोबा जिन्याखालच्या कोपऱ्यात लोखंडी खुर्ची टाकून. तिथे दिवसभर ऊन येत नाही. परवा मी म्हटलं, "आतोबा, उन्हात या की. गारठून जाल तिथे." आत्या आत चहा ठेवायला गेल्यावर मला जवळ बोलावून, कुणी ऐकत नाही ना ते बघून म्हणाले, "इथे बसलं की ती माझ्याकडे बघते गं."

ती बघते ते झाडाकडे. ज्या जागेकडे तिचे डोळे असतात, तिथे तिला नुसता धूर दिसतो, आतोबा त्यात कुठेच नसतात, आणि हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे? तेवढ्यात आत्या दाराची चौकट धरून बाहेर आली, खुर्ची चाचपून बसली आणि सवयीने मान जिन्याकडे वळवली. आतोबांनी घाईघाईने मफलर सारखा केला, विरळ झालेल्या केसांवरून हात फिरवला, आणि फोटो काढून घ्यायचा असावा तसे ताठ होऊन बसले.